दीर्घ आजार आणि चिंता यांच्याशी झुंजणाऱ्या तरुणांचे ख्रिस्ती समुपदेशन : ठाणे-नवी मुंबईतील कार्यकर्त्यांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईच्या धर्मग्रामांत, मंडळ्यांत व युवक संघांत जे कोणी तरुण मुलामुलींशी बोलण्याचे काम करतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आपल्याकडे येणारे सगळेच तरुण केवळ चिंता घेऊन येत नाहीत. कोणाच्या दप्तरात इन्सुलिनचे पेन असते, कोणाच्या खिशात दम्याचा पंप असतो, तर थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या एखाद्या मुलीच्या घरातील कॅलेंडरवर परीक्षेच्या तारखेआधी रक्त चढवण्याची तारीख लिहिलेली असते. आजार बरा होणार नाही, तो आयुष्यभर सांभाळायचा आहे, हे पंधराव्या किंवा अठराव्या वर्षी उमगणे ही मोठी गोष्ट आहे. आणि त्यातून आलेली भीती ‘विश्वास कमी पडतो’ अशा शब्दांत मोजली गेली, तर त्या मुलावर दुसरे ओझे पडते. हे दुसरे ओझे निदान आपल्या हातून तरी पडू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

या कामाचा क्रम मी एलीयाच्या कथेतून घेतला. बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात हा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही आणि त्याच्या विश्वासाची झडतीही घेत नाही. तो निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो, त्याला खायला लावतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा उठवून खायला लावतो. ‘तू येथे काय करीत आहेस?’ हा प्रश्न चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावरच्या गुहेत येतो. तो दोनदा विचारला जातो, आणि एलीया दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे मांडतो, तरी त्याला कोणी अडवीत नाही. आधी शरीर, मग ऐकणे आणि त्यानंतर पुढची वाट, हा क्रम आपण सोडू नये.

आधी शरीर

घाबरलेला मुलगा समोर आला की प्रार्थनेने सुरुवात करण्याचा मोह होतो. त्याआधी चार साधे प्रश्न विचारावेत : आजार कोणता, औषधे कोणती, डॉक्टरांना शेवटचे कधी भेटलास, आणि आज जेवलास केव्हा? याचे कारण असे की पुष्कळदा चिंता आणि आजार यांचे चेहरे सारखे दिसतात. टाइप १ मधुमेहात रक्तातील साखर उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते आणि जीव घाबराघुबरा होतो. पॅनिकच्या झटक्यातही नेमके हेच होते. म्हणून इन्सुलिन घेणारा मुलगा आपल्या खोलीत असा घाबरला, तर आधी ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती दर डेसिलीटरला ७० मिलीग्रॅमच्या खाली असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मीटर हाताशी नसेल तर साखर उतरली आहे असेच धरून ती द्यावी. चॉकलेट किंवा बिस्किटे उशिरा काम करतात, म्हणून पहिला उपाय तो नव्हे. मुलाची शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दम्याचेही तसेच आहे. पंपातील साल्ब्युटामोल या औषधाने काही काळ हात कापतात आणि नाडी जलद होते. ही गोष्ट मुलाला आधी कोणी सांगितली नसेल, तर पंप घेतल्यावर येणारी धडधड त्याला नव्या झटक्याची चाहूल वाटते. उलटपक्षी, ज्याला एक वाक्य पुरते बोलता येत नाही, ज्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो किंवा ज्याचे ओठ निळसर दिसतात, त्याला श्वासाचे व्यायाम शिकवीत बसणे धोक्याचे आहे. त्याला डॉक्टरांनी सांगून ठेवलेला पंप द्यावा आणि थेट रुग्णालयात न्यावे. थायरॉइडचे स्राव वाढले तरी अस्वस्थता येते आणि झोप उडते. संधिवातासाठी किंवा आतड्यांच्या आजारासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही मनःस्थिती बिघडते. अशा वेळी डोस आपण बदलायचा नसतो, पण डॉक्टरांना कळवण्याजोगी ही बाब आहे, एवढे मुलाच्या लक्षात आणून द्यावे.

येथे एक इशारा अवश्य द्यायला हवा. शेजारच्या काकूंना धडधडीसाठी दिलेली गोळी आपल्या मुलालाही चालेल, असे अनेक घरांत समजले जाते. अशा गोळ्यांपैकी प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकते आणि मधुमेही रुग्णात साखर उतरल्याच्या खुणा झाकून टाकते. उसनी गोळी कोणी कोणाला देऊ नये.

पहिली भेट

मुलगा अठराच्या आतला असेल तर बहुधा आई बरोबर येते, आणि मुलाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तीच देते. यात तिचा दोष नाही. ज्या बाईने मध्यरात्री उठून अनेक वर्षे मुलाची साखर तपासली, तिला एकाएकी गप्प बसायला सांगणे कठीणच आहे. पहिली दहा मिनिटे आम्ही तिघे मिळून बोलतो, मग मी आईला विनंती करते : “ताई, आता तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा, शेवटची पाच मिनिटे तुम्हाला परत बोलावते.” खोली अशी असावी की बाहेरून दिसावे, पण ऐकू येऊ नये. मुलांना ‘तू’ म्हणावे, पण कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना आधी विचारून. उपचार घेता घेता या मुलांचे शरीर इतक्या अनोळखी हातांखालून गेलेले असते की त्यांची परवानगी कोणीतरी मागणे, हेच त्यांना नवे असते.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगावी. येथे झालेले बोलणे मी कोणाला सांगणार नाही, फादरांना नाही आणि युवक संघातही नाही. मात्र तुझ्या जिवाला धोका असेल तर मला घरच्यांशी व डॉक्टरांशी बोलावे लागेल, आणि अठराच्या आतील कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे मला बंधनकारक आहे. कॅथलिक धर्मगुरूंनी आणखी एक भेद पाळावा : पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही, म्हणून समुपदेशन आणि पापनिवेदन एकाच बैठकीत मिसळू नये. दोन्हींची वेळ वेगळी असावी, शक्य तर माणूसही वेगळा असावा. अन्यथा जिवावर बेतणारी गोष्ट कानी येते आणि हात मात्र बांधलेले राहतात.

‘मी काय पाप केले?’

हा प्रश्न कधी ना कधी येतोच. काही मुले तो विचारतात, काही आईच्या तोंडून वदवतात, आणि काही प्रार्थनासभेला येणेच सोडून देतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात शिष्य येशूला विचारतात की हा मनुष्य आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, त्याच्या स्वतःच्या की आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. हे उत्तर मी आईवडिलांनाही वाचून दाखवते, कारण थॅलेसेमियासारख्या आजारात दोघांकडून आलेली जनुके कळली की नवराबायको एकमेकांकडे पाहू लागतात. जनुक वाहून नेणे हा अपराध नव्हे, हे दोघांना एकत्र बसवून सांगावे लागते.

प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या चंगाई सभेत जाऊन आल्यावर औषध बंद केलेला मुलगा तुमच्यासमोर बसला, तर वाद घालू नये आणि वेळही दवडू नये. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबले की एक-दोन दिवसांतही प्राणावर बेतू शकते. तेव्हा पहिला फोन डॉक्टरांना, धर्मशास्त्र नंतर. ते नंतरही सांगता येते, आणि ते भक्कम आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे त्या काळचे घरगुती औषधच सांगतो. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत येथे आजारी ठेवून पुढे निघून जातो. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. ज्यांच्या हातून इतर बरे झाले, त्यांच्या निकटच्या माणसांची ही स्थिती होती. बरे न झालेल्याचा विश्वास उणा असतो, असे म्हणण्याला नव्या करारात आधार सापडत नाही.

फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मार्काच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायातील, दुष्ट आत्म्यामुळे झटके येणाऱ्या मुलाची कथा फार जपून हाताळावी. अपस्मार हा मेंदूतील विद्युत संदेशांचा विकार आहे आणि बहुतेकांच्या फिट औषधांनी आटोक्यात राहतात. ‘भूत काढण्यासाठी’ प्रार्थना करवून घेतलेली मुले नंतर किती काळ स्वतःच्या शरीराला भितात, हे मी पाहिले आहे. त्या कथेतील बापाचे वाक्य मात्र मला उपयोगी पडते : मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. विश्वास आणि संशय एकाच तोंडून, एकाच श्वासात निघाले, आणि तरीही येशूने त्याला परत पाठवले नाही.

आपल्या ठाण्याला मोठी ख्रिस्ती स्मृती आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी येथे मारले गेले, आणि त्यांच्या धैर्याचा दाखला आजारी मुलांना देणारी वडीलधारी माणसे मला भेटली आहेत. हा दाखला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या चौघांनी साक्ष देण्याचा मार्ग पत्करला होता. सतराव्या वर्षी सांधे सुजून जिना उतरता न येणाऱ्या मुलीने काहीच पत्करलेले नसते. तिला हुतात्म्याची भूमिका देणे म्हणजे तिच्या तक्रारीचा हक्क काढून घेणे होय.

गाऱ्हाणे करू द्यावे

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका मुलाला मी पहिल्याच भेटीत फिलिप्पैकरांस पत्रातील ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन कागदावर लिहून दिले. दोन आठवड्यांनी त्याने विचारले, “म्हणजे ताई, मी आजारी आहे आणि वर आज्ञाही मोडतो आहे का?” ते वचन खरे आहे, पण ते तुरुंगात बसलेल्या माणसाने आपल्या मित्रांना लिहिले आहे, आणि घाबरलेल्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी पडले की त्याचा हुकूम होतो. आता मी स्तोत्रांपासून सुरुवात करते.

१३वे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असे विचारत सुरू होते. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला आशेची शेवटची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मुलाला ही दोन स्तोत्रे वाचून दाखवावीत आणि मग त्याला स्वतःचे गाऱ्हाणे लिहायला सांगावे : देवाला हाक, मग जे होते आहे ते जसेच्या तसे, सुई, रक्त, फी, मित्रांचे फिरायला जाणे, मग जे हवे आहे ते. भरवशाची ओळ आली तर लिहावी, न आली तर जागा कोरी सोडावी. ती आपण भरू नये. एका मुलीने फक्त एवढेच लिहिले होते की मला एक दिवस सुट्टी हवी आहे. आजाराला रविवार नसतो, हे तिने मला त्या एका ओळीत शिकवले.

अशी मुले रडली की आपण लगेच हात जोडून प्रार्थनेकडे वळतो. बरेचदा ती घाई आपल्या स्वतःच्या अस्वस्थतेची असते. थांबावे, प्रार्थना करायची का, हे मुलाला विचारावे, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर ते उत्तर मान्य करावे.

भीतीशी काम

चिंता टाळाटाळीवर पोसली जाते. एकदा लोकलमध्ये साखर उतरून चक्कर आली, म्हणून मुलगा लोकल टाळतो. टाळल्याने त्या दिवशी हायसे वाटते, आणि त्या हायसेपणामुळे दुसऱ्या दिवशी लोकल आणखी भयंकर वाटते. हे चक्र कागदावर काढून दाखवावे. मग त्याच्या डॉक्टरांना विचारून पायऱ्या ठरवाव्यात. घणसोलीला राहणाऱ्या मुलाने दुपारच्या कमी गर्दीत आधी नुसते फलाटावर दहा मिनिटे थांबावे. दुसऱ्या आठवड्यात कोपरखैरण्यापर्यंत एकच स्थानक जावे. मग सानपाडा, मग वाशी, आणि शेवटी सकाळच्या गर्दीत ठाणे. प्रत्येक पायरी भीती ओसरेपर्यंत पुन्हा पुन्हा करावी. खिशात साखर आणि मीटर असावे.

काळजी आणि चिंता यांतला फरक येथे नीट समजावून द्यावा लागतो. साखर खिशात ठेवणे ही काळजी. लोकल सोडून देणे ही चिंता. डॉक्टरांनी सांगितल्या वेळी तपासणे ही काळजी. दर वीस मिनिटांनी बोट टोचणे ही चिंता. काही मुले साखर उतरण्याच्या धास्तीने ती मुद्दाम चढती ठेवतात, तर काही वजनाच्या भीतीने इन्सुलिन चुकवतात. हे दोन्ही न रागावता विचारावे आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे.

रात्रीच्या विचारांसाठी संध्याकाळची वीस मिनिटे ‘चिंतेची वेळ’ म्हणून राखावी. इतर वेळी आलेला विचार वहीत टिपून त्या वेळेवर ढकलावा. श्वासाचा सराव करताना श्वास आत घेण्यापेक्षा सोडणे लांब असावे, आणि ज्याला हवे त्याने त्यावर दोन शब्द गुंफावेत : आत घेताना ‘प्रभू’, सोडताना ‘जवळ राहा’. मात्र तीच प्रार्थना अचूक व्हावी म्हणून मुलगा ती पुन्हा पुन्हा म्हणू लागला, चुकली तर काही वाईट होईल असे मानू लागला, तर तेथेच थांबावे. तो मंत्रचळाचा विकार असू शकतो, त्यावर चांगले उपचार आहेत, आणि आणखी प्रार्थना हा त्यावरचा उपचार नव्हे.

चर्चच्या रीती

या बाबी बारीक दिसतात, पण मुलांना त्या फार टोचतात. कॅथलिक नियमाप्रमाणे कम्युनियनपूर्वी एक तास उपवास असतो, तो आजारी माणसाला आणि त्याची देखभाल करणाऱ्याला लागू नाही. मिस्सेच्या मध्ये साखर उतरली तर मुलाने संकोच न करता खावे. प्रायश्चित्तकाळातील उपवास अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे आणि आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. गव्हातील ग्लूटेन ज्यात सोसत नाही, तो सीलिॲक आजार असलेल्यांसाठी अत्यल्प ग्लूटेनची भाकर चालते किंवा केवळ द्राक्षारस घेता येतो. फादरांना आठवडाभर आधी सांगावे. आजारी माणसाला तेल लावण्याचा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही, तो गंभीर आजारात घेता येतो आणि पुन्हाही घेता येतो. आपल्या घरांत तो ‘शेवटचा’ मानला जातो, म्हणून शस्त्रक्रियेआधी फादर तेल घेऊन आले की मुलाची छाती दडपते. हा संस्कार काय आहे, हे त्याला आदल्या दिवशी समजावून सांगावे.

आपली मर्यादा

झोप व भूक गेलेली, शाळा-कॉलेज सुटलेले, आठवड्यामागून आठवडे तसेच जात असतील, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सक मानसतज्ज्ञ गाठावेत. औषध सुरू झाले तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला तरुणांवर जास्त लक्ष ठेवावे लागते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तेथे बाह्यरुग्ण विभाग आहे. त्या फाटकातून आत जाण्याची लाज अजून गेलेली नाही. म्हणून मुलाला एकटे न पाठवता पहिल्या वेळी कोणीतरी बरोबर जावे.

‘जगावेसे वाटत नाही, असे कधी मनात येते का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट दार उघडते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नये. इन्सुलिन आणि इतर औषधांचा साठा घरातील मोठ्या माणसाने ताब्यात घ्यावा आणि लागेल तेवढेच हाती द्यावे, कारण या मुलांच्या हाताशी नेहमीच घातक मात्रा असते. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. अठराच्या आतील मुलांसाठी १०९८ आहे. आधी तसा प्रयत्न झालेला असेल तर पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५व्या कलमाप्रमाणे, उलट सिद्ध झाले नाही तोवर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते आणि त्याला शिक्षा होत नाही, हे त्यांना सांगावे.

अठरा वर्षे झाली की बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात जावे लागते. ओळखीचे डॉक्टर, ओळखीच्या सिस्टर, सगळे एकदम सुटते, आणि सावरलेली चिंता याच वेळी परतते. म्हणून सहा महिने आधी तयारी सुरू करावी : मुलाने स्वतः फोन करून वेळ घ्यावी, स्वतःच्या औषधांची नावे तोंडपाठ सांगावीत, आणि डॉक्टरांसमोर आईच्या आधी बोलावे. एका कागदाच्या एका बाजूस आजार, औषधे, डोस आणि डॉक्टरांचा क्रमांक, तर दुसऱ्या बाजूस त्याने स्वतः निवडलेली स्तोत्राची ओळ आणि झटका आला तर करायच्या गोष्टी, असे लिहून तो पाकिटात ठेवायला सांगावे. डोस बदलत राहतात, म्हणून दर सहा महिन्यांनी हा कागद नव्याने लिहावा लागतो. बहुतेक मुले त्या निमित्ताने एकदा भेटून जातात.